संपादकाचा ‘आम्ही’ : वृत्तपत्रीय जबाबदारीचे व्याकरण

वृत्तपत्राच्या नीतीचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी केला जातो. एक अंग कायद्याचे : अब्रुनुकसानी, राजद्रोह, न्यायालयाचा अवमान. दुसरे चारित्र्याचे : संपादक निर्भीड असावा, निःस्पृह असावा, कोणाचा मिंधा नसावा. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु निर्भीडपणा असो की मिंधेपणा, तो कागदावर उतरतो वाक्यांच्या रूपाने. आणि वाक्यात कर्ता दिसतो तरी, किंवा तो दडविलेला असतो. छापलेले विधान नेमके कोणाचे, त्याची खातरजमा कोणी केली, ते खोटे ठरल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, या प्रश्नांची उत्तरे वाचकाला प्रथम मिळतात ती वाक्यरचनेतून. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या, म्हणजे भाषेच्या, अंगाने संपादकीय जबाबदारीकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणे मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्याच्या आरंभीची घेतली आहेत. सरकार, संस्थान वा मिशन यांपैकी कोणाचाही आश्रय नसलेले, वर्गणीदारांच्या बळावर चालणारे पत्र म्हणजे काय, याची घडण मराठीत त्याच काळात झाली, आणि त्या घडणीची किंमतही त्याच काळात मोजली गेली.

प्रारंभ सर्वनामापासून करणे सोयीचे आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ या रूपाने बोलणारा स्वतःचा व स्वतःच्या पक्षाचा उल्लेख करतो आणि ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो. ‘आपण’ या रूपाने तो ऐकणाऱ्यालाही आत घेतो. ‘आम्ही निघतो’ असे म्हणून यजमानाचा निरोप घेता येतो. ‘आपण निघू’ म्हटले की यजमानालाही जोडे घालावे लागतात. हा भेद गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळसारख्या द्राविड भाषांत आहे; हिंदीतील ‘हम’ आणि इंग्रजीतील ‘वुई’ यांत तो नाही. द्राविड भाषांच्या निकट सहवासामुळे तो आपल्याकडे दृढ झाला असे अनेक अभ्यासक मानतात. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, इंग्रजी पत्राच्या संपादकाने ‘वुई’ लिहिले तर त्यात वाचक आहे की नाही हे त्याला मोघम ठेवता येते. मराठी संपादकाला ती सोय नाही. त्याला प्रत्येक वाक्यागणिक ठरवावे लागते.

इंग्रजी पत्रांच्या वळणावर मराठी पत्रे निघाली, तेव्हा संपादकीय ‘वुई’च्या जागी ‘आम्ही’ आला, ‘आपण’ आला नाही. ही निवड कोणी बैठक घेऊन केली नसावी. पण ती अतिशय योग्य होती असे मला वाटते. ‘आम्ही’ म्हणणारा संपादक वाचकाला आपल्या विधानाच्या बाहेर उभा करतो, आणि बाहेर उभा असलेला माणूसच त्या विधानाचा न्याय करू शकतो. याउलट ‘आपण सर्व जाणतोच की’ अशा आरंभाचे वाक्य पाहावे. त्यात एक वस्तुस्थिती सांगितलेली असते, पण तिच्या खरेपणाचा बोजा वाचकाच्या खांद्यावर सरकविलेला असतो. वाचक जाणत नसेल तर अज्ञान त्याचे. जाणत असेल तर पुरावा देण्याची गरज संपली. आवाहन करावयाचे असेल, सभा भरवावयाची असेल, वर्गणी गोळा करावयाची असेल, तर ‘आपण’ यथास्थित आहे. अमुक घडले असे सांगताना मात्र ‘आपण’ ही संपादकाने काढलेली पळवाट होय. (या लेखापुरता मी ‘मी’ वापरतो आहे; विद्यापीठीय लेखनात ‘आम्ही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा निराळाच विषय आहे.)

हा ‘आम्ही’ कोण, हे वाचकाला कसे कळे? पुष्कळ काळ ते छापील अंकावरून कळतच नसे. १८६७च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे व छापखान्याच्या जागेचे नाव, आणि प्रकाशित झाल्यास प्रकाशकाचे नाव, घालणे बंधनकारक केले. संपादकाचे नाव घालण्याची सक्ती पुढे १९२२च्या दुरुस्तीने झाली. त्याच दुरुस्तीने संपादकाची व्याख्याही केली, ती लक्षणीय आहे. जो लिहितो तो संपादक, असे ती म्हणत नाही. छापावयाच्या मजकुराची निवड ज्याच्या ताब्यात आहे तो संपादक, असे म्हणते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने संपादकाचे मुख्य क्रियापद ‘लिहिणे’ हे नसून ‘निवडणे’ हे आहे. आता १८६७चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा आला आहे आणि तो १ मार्च २०२४पासून अमलात आहे. पण अंकाच्या शेवटी बारीक टाइपात येणारी ती ओळ आपल्या परिचयाची आहेच : अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. व्याकरणदृष्ट्या ही ओळ पाहण्यासारखी आहे. सबंध अंकात हे एकच वाक्य असे असते की, ज्यात ‘ने’ किंवा ‘नी’ लागलेला कर्ता टाळताच येत नाही.

अंकातील इतर वाक्यांत तो टाळता येतो, आणि मराठीत त्याची साधने विपुल आहेत. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते : ‘कारभाऱ्याने पत्रे लिहिली’. यातून ‘कारभाऱ्याने’ हा शब्द काढला तरी ‘पत्रे लिहिली’ हे वाक्य मोडत नाही. क्रियापदाचे रूप जसेच्या तसे राहते. ‘पत्रे लिहिली गेली’ म्हटले की कर्ता आणखी दूर जातो, आणि ‘पत्रे लिहिण्यात आली’ म्हटले की तो जणू कधी नव्हताच. हा शेवटचा प्रयोग, म्हणजे ‘-ण्यात येणे’, कचेरीच्या मराठीचा लाडका आहे आणि तेथून तो वृत्तपत्रांत मुक्कामाला आलेला आहे. लाठीमार करण्यात येतो, चौकशी करण्यात येते, निधी वितरित करण्यात येतो. करणारा कोण हे शोधण्यासाठी वाचकाला पुढचा परिच्छेद धुंडाळावा लागतो, आणि बहुतेक वेळा तेथेही तो सापडत नाही.

कर्त्याची ही कथा झाली. माहितीच्या उगमाची कथा याहून सूक्ष्म आहे. बोलीत ऐकीव माहिती सांगताना आपण वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ घालतो : ‘त्याची बदली झाली म्हणे’. ‘म्हणणे’ या क्रियापदापासून निघालेला हा शब्द आता क्रियापद राहिलेला नाही. त्याला पुरुष नाही, वचन नाही, कोण म्हणे याचे उत्तर नाही. परंतु तो प्रामाणिक आहे. हे मी पाहिलेले नाही, हे तो उघड सांगतो. बहुधा थोडा अविश्वासही सुचवितो. अनुमान असेल तर आपण ‘झाली असावी’ म्हणतो, खुणेवरून ताडले असेल तर ‘झाली वाटते’ म्हणतो. अफवेला तर मराठीत नावांची वाण नाही : वदंता, आवई, भुमका, हूल, कंडी. त्यांतही छटा आहेत; आवई उठते, कंडी मात्र कोणीतरी पिकवावी लागते. सामान्य मराठी माणूस माहितीचा उगम दाखविण्याच्या बाबतीत असा चोखंदळ आहे. छापील बातमीच्या भाषेत मात्र या छटा गळून पडतात. ‘म्हणे’ पत्राला शोभत नाही असे आपण ठरविले आणि त्याच्या जागी ‘असे कळते’, ‘असे समजते’ ही रूपे आणली.

या रूपांकडे बारकाईने पाहावे. ‘कळणे’ या क्रियापदाला ज्याला कळते त्याची चतुर्थी लागते : ‘आम्हांस असे कळते की’. या पूर्ण वाक्यात संपादक हजर आहे. ऐकणारे कान त्याचे आहेत, आणि कोणाकडून कळले असे विचारले तर उत्तर देण्यास तो बांधलेला आहे. ‘आम्हांस’ गळाले की उरते ‘असे कळते की’. आता सांगणारा नाही आणि ऐकणाराही नाही. माहिती हवेतून आली. शिवाय ‘म्हणे’मध्ये जो अविश्वासाचा सूर होता तो नाहीसा होऊन त्या जागी ‘कळणे’ या ज्ञानवाचक क्रियापदाचा भारदस्तपणा आला. जी गोष्ट खरी आहे तीच ‘कळते’. खोटी गोष्ट ‘ऐकू येते’. म्हणून ‘असे कळते’ हे ऐकीव माहितीला ज्ञानाचा पोशाख चढविणारे रूप होय. आजच्या पत्रांतील ‘सूत्रांनी सांगितले’ हा प्रयोग तर याच्याही पुढे गेला आहे. तेथे ‘नी’ लावलेला कर्ता आहे, सकर्मक क्रियापद आहे, व्याकरणाची सारी पूर्तता आहे. फक्त माणूस नाही.

येथे गैरसमज होऊ नये. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त राखणे हा संपादकाचा अधिकार आहे, आणि अनेकदा ते त्याचे कर्तव्यही असते. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या १९७८च्या कायद्यानेही, परिषदेने कोणत्याही पत्राला वा पत्रकाराला बातमीचा उगम सांगण्याची सक्ती करू नये, असे म्हटले आहे. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते आणि १८४८पासून ‘प्रभाकर’ पत्रात त्यांची पत्रे ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने येत होती. ते नाव छापले गेले असते तर ती पत्रेच आली नसती. पण लेखकाचे नाव झाकले तेव्हा भाऊ महाजनांचे पत्र त्या मजकुरामागे उभे होते. नाव संपादकाला ठाऊक असणे आणि त्याने ते न सांगणे ही एक गोष्ट. नाव कोणालाच ठाऊक नसणे ही दुसरी. ‘असे कळते’ या रूपावरून वाचकाला या दोहोंतील फरक समजू शकत नाही, हा त्या रूपाचा खरा दोष आहे.

यातून काय ओढवू शकते हे कोल्हापूर प्रकरणाने दाखवून दिले. ‘मराठा’ हे इंग्रजी पत्र २ जानेवारी १८८१ रोजी आणि ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात निघाले. ‘केसरी’चे संपादन गोपाळ गणेश आगरकर यांच्याकडे आणि ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक यांच्याकडे होते. दोघेही पंचविशीचे होते आणि दोघांनीही सरकारी नोकरीचा मार्ग जाणूनबुजून सोडलेला होता. देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध घालणारा १८७८चा कायदा त्या वेळी अद्याप रद्द झालेला नव्हता. तो १८८२त रद्द झाला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज वेडे झाले आहेत असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. महाराजांचा छळ होत आहे व त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी टीका या दोन पत्रांनी सुरू केली. टीकेला आधार म्हणून काही पत्रे पुढे आली. ती बर्व्यांची असल्याचे सांगण्यात आले होते. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. फिर्याद मागे घेतली गेली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. सूट मिळून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. डोंगरीच्या तुरुंगातील त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे एक छोटे पुस्तकच लिहिले.

या प्रकरणाचा इतिहास सामान्यतः शौर्यकथा म्हणून सांगितला जातो. सुटकेनंतर झालेले सत्कार, मिरवणुका यांची वर्णने येतात. फुल्यांच्या सत्यशोधक वर्तुळातील रामशेट उरवणे यांनी या दोन संपादकांना जामीन दिला ही गोष्ट खरोखरच मनोज्ञ आहे. ‘केसरी’ आणि सत्यशोधक यांचे पुढे जे झाले ते पाहता ती अधिकच मनोज्ञ वाटते. परंतु संपादकीय नीतीच्या अभ्यासकाने येथे शौर्याकडे क्षणभर पाठ फिरवून त्या पत्रांकडे पाहावे. ती हाती आली तेव्हा संपादकांसमोर जो प्रश्न होता तो व्याकरणाचा होता असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण तो तसाच होता. ‘बर्व्यांनी अशी पत्रे लिहिली’ हे एक विधान. ‘बर्व्यांची म्हणून अशी पत्रे आम्हांस दाखविण्यात आली आहेत, ती खरी आहेत की नाहीत याची खात्री आम्हांस करता आलेली नाही’ हे दुसरे. पहिल्यात संपादक स्वतः साक्षीदार होतो. दुसऱ्यात तो फक्त पत्रे पाहिल्याचा साक्षीदार राहतो. दुसरे वाक्य छापले म्हणजे कायदा सोडून देतो असे मुळीच नाही. दुसऱ्याने केलेली बदनामी पुन्हा सांगणे ही बदनामीच असते. पण दुसरे वाक्य लिहावयास बसलेल्या माणसाच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : मग खात्री का करता आली नाही? आणि तेथे लेखणी थांबण्याचा संभव असतो.

दंडसंहितेत ‘सद्भाव’ या शब्दाची जी व्याख्या होती तिच्याकडे या संदर्भात लक्ष वेधणे अवश्य आहे. योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली वा मानलेली गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येणार नाही, असे १८६०ची संहिता सांगत असे. २०२३च्या भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या कायम आहे. मराठीत आपण सद्भाव म्हणजे चांगला हेतू असे समजतो. कायदा हेतूवर थांबत नाही. काळजी घेतली काय, असे विचारतो. ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या संपादकांचा हेतू निर्मळ होता याविषयी त्यांच्या विरोधकांनाही फारशी शंका नसावी. एवढेच नव्हे, तर महाराजांविषयी त्यांना वाटणारी चिंता अनाठायी नव्हती, असे पुढच्या घटनेवरून म्हणावे लागते. डिसेंबर १८८३मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे, देखरेखीवरील एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला. चिंता खरी होती, कैवार न्याय्य होता. तरीही पुरावा खोटा होता, आणि त्या खोट्या पुराव्याने जो माणूस पत्रे लिहिणारा ठरविला गेला त्याच्यावर अन्याय झाला. बर्व्यांची बाजू आपल्या वाङ्मयेतिहासात फारच थोड्यांनी मांडली आहे. चांगल्या पक्षाच्या हातून झालेला अन्याय हा अन्याय मानावयाचा की नाही, ही स्वतंत्र पत्राची खरी कसोटी असते, कारण त्याच्या वाचकांना तो अन्याय दिसत नसतो.

माफीविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण या बाबतीत मराठीची शब्दसंपत्ती मार्मिक आहे. चूक झाल्यावर पत्रापुढे चार शब्द असतात : खुलासा, दुरुस्ती, दिलगिरी आणि माफी. ‘खुलासा’ म्हणजे उलगडा. तो देताना आपले म्हणणे बरोबरच होते, वाचकास ते नीट समजले नाही, असा भाव राहतो. ‘दुरुस्ती’ वस्तूची होते. मोडले ते सांधले, मोडले कोणी हे सांगण्याची गरज नाही. ‘दिलगिरी’ ही मनाची अवस्था आहे. आम्ही दिलगीर आहोत, म्हणजे आम्हांला वाईट वाटते. ज्याचे वाईट झाले त्याने यावर काही बोलावे अशी अपेक्षा नाही, आणि तो काही बोलला तरी आमची दिलगिरी पुरी झालेलीच असते. ‘माफी’ या शब्दाची गोष्ट निराळी. तो मूळचा महसुलाच्या व्यवहारातला. सारा माफ होतो, जमीन माफी असते. माफी म्हणजे देण्यातून सुटका, आणि सुटका दुसऱ्याने करावयाची असते. म्हणून माफी ‘मागावी’ लागते, आणि मागितलेली वस्तू नाकारली जाऊ शकते. १८८२त ती नाकारली गेली.

आज पत्रांतून जी वाक्ये येतात ती या दृष्टीने वाचावीत. ‘अनवधानाने मजकूर प्रसिद्ध झाला’ : येथे क्रियापद अकर्मक आहे, मजकूर उगवल्याप्रमाणे आपला आपण प्रसिद्ध झाला. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’ : यात ‘असल्यास’ने चूक संशयास्पद केली, ‘कोणाच्या’ने दुखावलेला माणूस अनिश्चित केला, आणि ‘करण्यात येत आहे’ने दिलगीर होणाराही काढून टाकला. राहिले काय? जो विषय होता तो मजकुराच्या खरेखोटेपणाचा होता. तोही ‘भावना’ या शब्दाने बदलून गेला. ‘अमुक तारखेच्या अंकात आम्ही अमक्याविषयी अमुक छापले, ते खोटे आहे, त्यांची आम्ही माफी मागतो’ एवढ्या तीन वाक्यांत जे काम होते त्यासाठी इतकी कर्मणि रचना लागत नाही. विद्यार्थ्यांनी कोणत्याही दैनिकाच्या वर्षभरातील अशा टिपा एकत्र करून त्यांतील क्रियापदे वर्गवार लावून पाहिली तर मनोरंजक सामग्री हाती येईल.

‘आम्ही’ अनेकांचा मिळून असतो तेव्हा त्याला आतूनही तडा जाऊ शकतो. ‘केसरी’च्या बाबतीत हेच झाले. पत्र एका मंडळीचे होते. राजकारणात त्यांचे एकमत होते, पण बालविवाह, स्त्रियांची स्थिती, कायद्याने सुधारणा करावी की न करावी, या प्रश्नांवर आगरकर आणि त्यांचे बहुसंख्य सहकारी यांच्यात तीव्र मतभेद वाढत गेले. अग्रलेखाला सही नसते. तो ‘आम्ही’ या एकाच कर्त्याने बोलतो. मग आगरकरांनी लिहिलेल्या ‘आम्ही’त टिळक आहेत काय? नसतील तर वाचकाला ते कसे कळावे? या पेचातून तीनच वाटा संभवतात : सही करावी, गप्प बसावे किंवा पत्र सोडावे. आगरकरांनी ऑक्टोबर १८८७मध्ये ‘केसरी’ सोडला आणि एका वर्षाने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. या फुटीचे वर्णन बहुधा व्यक्तींचे वैर म्हणून केले जाते. मला ती संपादकीय शिस्तीचे उदाहरण वाटते. जे मत आपले नाही ते आपल्या सर्वनामाखाली छापू द्यावयाचे नाही आणि जे मत सहकाऱ्यांचे नाही ते त्यांच्या सर्वनामाखाली छापावयाचे नाही, ही दोन्ही पथ्ये या फुटीने पाळली गेली. त्याची किंमत आगरकरांनी दिली. ते जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली, हे सर्वश्रुत आहे. (हे वाक्यही ‘काढण्यात आली’ असेच सर्वत्र लिहिले जाते. काढणारे कोण होते?)

टिळकांनी पुढे या सर्वनामाचा भार किती गंभीरपणे घेतला, याचे प्रमाण १९०८च्या खटल्यात मिळते. ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) या अग्रलेखांवरून राजद्रोहाचा आरोप आला, तेव्हा लेख कोणी लिहिले हा प्रश्न त्यांनी बचावासाठी वापरला नाही. ‘केसरी’त छापले ते आपले, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी झगडा केला तो भाषांतराशी. ज्युरीतील सात युरोपियन आणि दोन पारशी गृहस्थांसमोर लेख होते ते सरकारी भाषांतराच्या रूपाने. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी शब्दाशब्दांवर केली. राजकीय चर्चेची मराठी परिभाषा नवी आहे, ती इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द म्हणून घडविलेली आहे, आणि ते प्रतिशब्द पुन्हा इंग्रजीत नेताना मुळापेक्षा अधिक जहाल होतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तो मूळ कामकाजात अवश्य वाचावा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन्ही रूपे इंग्रजीत एकाच शब्दाने उतरतात, हेही तेथे ध्यानात ठेवावे. संपादक स्वतःचे मत सांगतो आहे की वाचकाला बरोबर घेऊन चालला आहे, हा भेद भाषांतरात शिल्लक राहात नाही. २२ जुलै १९०८ रोजी ज्युरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली.

आतापर्यंत ‘आपण’ हे रूप मी सैल जबाबदारीचे रूप म्हणून दाखविले. त्याला दुसरीही बाजू आहे, आणि ती ‘केसरी’कडून पाहिल्यास दिसत नाही. पुण्याचे पत्र जेव्हा ‘आपण’ म्हणे, ‘आपला समाज’, ‘आपले लोक’ म्हणे, तेव्हा त्यात कोणकोण येत असे? ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ निघाला. डॉ. आंबेडकर यांनी तो सुरू केला. अंकावर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला २,५०० रुपयांची देणगी दिली. नव्या पत्राची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही छापली नाही, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. जाहिरात नाकारण्याचा हक्क प्रत्येक पत्राला आहे. निवडणे हेच संपादकाचे क्रियापद, हे वर आलेच आहे. परंतु निवडीमागील कारण वाचकाला सांगता येण्यासारखे असावे, एवढी अपेक्षा तरी करता येते. जे पत्र राष्ट्राच्या नावाने ‘आपण’ म्हणते त्या पत्राच्या स्तंभांत, दाम मोजूनही, ‘आपण’पैकी काहींना प्रवेश नसेल, तर त्या सर्वनामाची व्याप्ती किती हे त्या एका नकाराने कळून येते. ‘मूकनायक’च्या ‘आम्ही’ला म्हणूनच निराळे वजन आहे. तो केवळ संपादक-मंडळाचा ‘आम्ही’ नव्हता. ज्यांना कोणत्याही पत्राच्या ‘आपण’मध्ये जागा नव्हती त्यांचा होता, आणि व्याकरणातील वगळण्याचा अर्थ तेथे इतिहासाच्या अर्थाशी जुळून गेला. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाला तेव्हा संपादक म्हणून आंबेडकर स्वतः पुढे आले. अंकाचे चोवीस चोवीस स्तंभ त्यांना एकट्याने लिहून काढावे लागत. अशा पत्रात ‘आम्ही’ कोण, असा प्रश्न वाचकाला पडत नाही.

देणगी आणि स्वातंत्र्य यांच्या संबंधाविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण तो अर्थकारणाचा विषय आहे आणि त्यात माझी गती नाही. देणगी कोणाची हे उघड असले म्हणजे वाचकाला त्या मानाने मजकूर वाचता येतो, एवढेच नमूद करून पुढे जातो.

संशोधनपत्रिकेच्या वाचकांनी या साऱ्याकडे केवळ वृत्तपत्रांचा दोष म्हणून पाहू नये. पदव्युत्तर प्रबंधिकांत ‘असे मानले जाते’, ‘असे आढळून आले आहे’, ‘अभ्यासकांच्या मते’ ही रूपे जितक्या मुबलकपणे येतात तितकी ती दैनिकांतही येत नसावीत. ‘अभ्यासकांच्या मते’ हे ‘सूत्रांनी सांगितले’चेच सोवळे भावंड आहे. मी तपासावयास आलेल्या प्रकरणांत अशा प्रत्येक ठिकाणी समासात ‘कोणी?’ एवढेच लिहितो. निम्म्या ठिकाणी विद्यार्थी नाव घालून आणतो. उरलेल्या ठिकाणी वाक्य गाळून आणतो, आणि प्रकरण त्यामुळे बिघडत नाही.

ज्यांना या विषयावर पुढे काम करावयाचे असेल त्यांच्यासाठी एक मर्यादित योजना सुचवितो. १८८१ ते १८८७ या काळातील ‘केसरी’ आणि १८८८ ते १८९५ या काळातील ‘सुधारक’ यांचे ठरावीक अंतराने निवडलेले अंक घ्यावेत. अग्रलेख, स्फुटे आणि बातम्या वेगळ्या कराव्यात. प्रत्येकात ‘आम्ही’ व ‘आपण’ यांची विभक्तिरूपांसह गणती करावी, आणि ‘आपण’च्या बाबतीत समावेशक, आदरार्थी व स्ववाचक असे तीन अर्थ संदर्भावरून निराळे काढावेत, या शेवटच्या कामाला वेळ लागेल. ‘कळते’, ‘समजते’, ‘ऐकतो’, ‘लिहून येते’ या क्रियापदांपूर्वी ‘आम्हांस’ अथवा बातमीदाराचा उल्लेख आहे की नाही याची स्वतंत्र नोंद ठेवावी. कोल्हापूर खटल्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अंकांची तुलना आधी करावी. १०१ दिवसांनंतर त्या पत्राची वाक्यरचना बदलली काय, हे पाहण्यासाठी ‘केसरी’चा सबंध संच वाचावा लागणार नाही, पहिल्या तीन वर्षांचे अंक पुरेत.